हा शब्द तोंडात बसतो का

सोलापुरात कोणत्याही कार्यक्रमाला गेले, की चहाच्या वेळी कुणीतरी जवळ येते आणि विचारते, "तुम्ही मोर्च्याची गाणी लिहिलीत, अभंग लिहिलेत, लावण्या लिहिल्यात, मग कादंबरी लिहिलीत, आणि ती गाजली तरी पुन्हा गाण्यांकडेच वळलात. यातले तुमचे खरे कोणते? आणि दुसरी कादंबरी का नाही?" या प्रश्नाला मी गेल्या वीस वर्षांत इतकी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, की त्यांतली कोणतीही दोन शेजारी ठेवली तर एक खोटे ठरेल. म्हणून जे आठवते ते एकदा क्रमाने लिहून ठेवते.

प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा एक जिना असतो. मोर्च्याचे गाणे सर्वांत खालच्या पायरीवर, लावणी त्याच्या शेजारी पण जरा अंधारात, अभंग वर आणि कादंबरी माडीवर. आमच्या गावाला ही समजूत जुनीच आहे. याच सोलापूरचे कविराय राम जोशी लावण्यांसाठी गाजले आणि पुढे कीर्तनाकडे वळले, ही हकिगत इथे सांगितली जाते ती एखादा माणूस चिखलातून पाय काढून देवळात शिरल्यासारखी. संस्कृतातसुद्धा लावणी रचणाऱ्या त्या माणसाला स्वतःला तसे वाटत होते का, हे कुणी विचारत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मी कोणताही जिना चढले नाही. 1986 सालच्या आषाढात मी एकाच आठवड्यात एका दिंडीसाठी अभंग आणि मोडनिंबच्या एका कला केंद्रासाठी लावणी लिहिली, दोन्ही एकाच वहीत, आणि लिहिताना मला उष्टेखरकटे वाटले नाही.

मला जे येते ते मी विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये बसून शिकले. आई दिवसाला हजार विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पाने आणि जर्दा, आणि हात चालू असताना तोंड मोकळे. पूर्वभागातल्या आमच्या गल्लीत निम्म्याहून अधिक घरे तेलुगू बोलणारी, काही कानडी, आमच्यासारखी थोडी मराठी. 1972 च्या दुष्काळात, मी एकोणीस वर्षांची असताना, मजुरीसाठी मोर्चा निघायचा होता आणि मी एक गाणे लिहिले. त्याच्या ध्रुपदात "मजुरी" हा शब्द होता. शेजारच्या एका म्हाताऱ्या तेलुगू बाईने तो दोनदा म्हणून पाहिला आणि सांगितले, की तिथे "कूली" घाल, म्हणजे आम्हालाही म्हणता येईल आणि त्या कानडी बायकांनाही. मी तो घातला. मोर्च्याच्या गाण्याला एवढेच लागते: मागच्या रांगेत ज्या बाईला ओळीचा शेवटचा शब्दच ऐकू येतो, तिला तो शब्द उचलता आला पाहिजे.

अभंगाचे तसेच. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांना सहा-सहा अक्षरे आणि चौथ्याला चार. ते शेवटचे आखूड पाऊल आहे म्हणून चालता चालता गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. पाय दुखत असलेला वारकरी तो म्हणणार आहे, हे ज्याला लिहिताना दिसत नाही त्याची अक्षरे मोजून बरोबर आली तरी अभंग चालत नाही. बैठकीच्या लावणीत तर गायिका एकच ओळ आठ-दहा वेळा घेते आणि दर वेळी अदा बदलते, त्यामुळे लिहिणाऱ्याने ओळीत सगळेच सांगून टाकले तर तिला करायला काही उरत नाही. बाई असून लावणी लिहिता, असे मला पुष्कळांनी ऐकवले आहे. बाईच्या तोंडी घालायचे शब्द शतकानुशतके पुरुषांनी लिहिले, त्याचे कुणाला नवल वाटले नाही.

आता कादंबरी. तिच्याबद्दल बोलायचे म्हणजे त्या गायिकेबद्दल बोलावे लागते आणि इथे तिचे नाव मी लिहिणार नाही. मोडनिंबला मी महिन्यातून एकदा एसटीने जायचे, दुपारच्या तालमीला. ती पेटीशेजारी बसायची, मी लिहून नेलेली ओळ आधी नुसती म्हणायची, मग सुरात घ्यायची. अडली की म्हणायची, "अक्का, ह्यो शब्द तोंडात बसंना." मी शब्द बदलायचे. कधी माझा हट्ट असायचा. मग ती तो शब्द दहा वेळा घोळवून पाहायची आणि तरीही मान हलवायची. तिचे जवळजवळ नेहमीच बरोबर असायचे. सात-आठ वर्षांत मी तिला चाळीसेक लावण्या दिल्या, आणि त्यांतली एकही अशी नाही, जिच्यात तिने सुचवलेला शब्द नाही.

1988 च्या मे महिन्यात तालीम संपल्यावर, बाकीच्या मुली झोपलेल्या असताना, तिने मला आपल्या मुलीबद्दल सांगितले. सात वर्षांची मुलगी बार्शीला वसतिगृहात होती. आई पुण्यात एका खानावळीत स्वयंपाकाला आहे, असे तिला सांगितलेले होते. ही दर दोन महिन्यांनी भेटायला जायची ती साध्या सुती साडीत, केस तेल लावून चापून बसवलेले, आणि पायांत मोजे. वर्षानुवर्षे घुंगरू बांधून घोट्यांवर काळे घट्टे पडले होते आणि वसतिगृहातल्या एखाद्या जाणत्या बाईने ते ओळखले असते, म्हणून. मे महिन्यातल्या उन्हात मोजे का, असे मुलीने एकदा विचारले, तेव्हा पायांना खरूज झाली आहे असे हिने सांगितले. आणि त्यानंतर मुलगी तिच्या पायांशी बसेनाशी झाली. हे सांगताना ती रडली नाही. घोट्यावरून अंगठा फिरवत राहिली.

तेरा वर्षांनी, 2001 मध्ये, माझी कादंबरी आली. गायिकेचे नाव मी बदलले, गाव बदलले, मुलीच्या जागी मुलगा केला, बार्शीचे पंढरपूर केले. मोजे तेवढे ठेवले, खरूजही ठेवली. त्या पानाचे लोकांनी फार कौतुक केले. हुतात्मा स्मृती मंदिरातल्या एका समारंभात ते वाचून दाखवण्यात आले आणि सभागृह स्तब्ध झाले. ती स्तब्धता मला माझी वाटली. 2002 मध्ये एका मुलाखतीत मी असेही म्हटले, की गाणी मी पोटासाठी लिहिली आणि कादंबरी ही माझी खरी ओळख आहे. ते वाक्य आजही लोक मला वाचून दाखवतात. ते बोलणारी बाई खोटे बोलत नव्हती. तिला पहिल्यांदाच कुणी "लेखिका" म्हटले होते आणि त्या शब्दापुढे तिला बाकीचे सगळे लहान दिसू लागले होते. तिच्यावर मी रागावते, पण तिला मी ओळखते.

2003 च्या चैत्रात गायिका माझ्या घरी आली. न कळवता, सकाळी दहाच्या सुमारास. मी खुर्ची दिली, तरी ती उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसली. पाणी प्यायली, चहा नको म्हणाली. मग तिने सांगितले, की मुलगी आता बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजच्या ग्रंथालयातून तिने माझे पुस्तक आणले, वाचले आणि फोन केला. फोनवर तिने एवढेच विचारले, "आई, तू मोजे का घालायचीस?"

मुलगा, पंढरपूर, बदललेले नाव, यांतल्या कशाचाही उपयोग झाला नाही. गोष्ट ज्यांची असते त्यांना ती एका मोज्यावरून ओळखू येते. सुट्टी लागली तरी मुलगी मोडनिंबला आली नाही. एक दिवस मी स्वतः तिला समोर बसवून सांगणार होते, असे गायिका म्हणाली. शिक्षण होऊ दे, नोकरी लागू दे, मग. काय सांगायचे तेही तिने ठरवून ठेवले होते. तिचे ते सांगणे माझ्या पुस्तकाने तिच्याआधी सांगून टाकले होते.

मी पुष्कळ बोलले. नावे बदलली होती, म्हटले. तुमच्याबद्दल आदर वाटावा असेच लिहिले आहे, म्हटले, आणि ते खरेच आहे. पुढच्या आवृत्तीत पान काढते, असेही म्हटले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आता काढून काय करता, अक्का. वाचलं ते वाचलं." मग उठता उठता म्हणाली, "गाणं द्यायचा तवा एका एका शब्दाला इचारायचा, ह्यो तोंडात बसतो का म्हणून. एवढं मोठं पुस्तक लिहिलं, तवा एकदा इचारायचं हुतं."

या एका वाक्याशी मी वीस वर्षे भांडते आहे. विचारून विचारून कादंबरी लिहिता येत नाही, हे मी आजही मानते. ज्याची त्याची परवानगी घेत बसले असते तर एकही खरे पान उतरले नसते, आणि तिच्यासारख्या बायकांबद्दल गावात जे बोलले जाते तेच पुस्तकांतही राहिले असते. ते पान वाचून पत्रे लिहिणाऱ्या बायका होत्या. आपल्या आईची लाज वाटत होती, ती आता वाटत नाही, असे लिहिणाऱ्या. ती पत्रे माझ्याकडे आहेत. पण त्या पत्रांच्या ढिगाने तिच्या मुलीची एक सुट्टी भरून येत नाही, आणि तिने "नको" म्हटले असते या भीतीनेच मी विचारले नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. लिहिण्याच्या ओघात विसरले, असे मी काही वर्षे सांगत असे. विसरले नव्हते.

म्हणून गाण्यांकडे परतले का? लोकांना हे उत्तर आवडते, त्यात प्रायश्चित्त दिसते. तसे ते नाही. गाणी मी कधी थांबवलीच नव्हती. कादंबरी लिहीत होते त्या तीन वर्षांतही सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी कॅसेटची गाणी लिहीत होते. आणि गाणे म्हणजे निष्पाप, कादंबरी म्हणजे चोरी, अशी वाटणीही मला मान्य नाही. फरक मला एवढाच कळतो, की गाणे दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडल्याशिवाय पुरे होत नाही, म्हणून तिथे विचारावेच लागते. कादंबरी एकटीने पुरी करता येते, आणि विचारायचे की नाही ते आपल्यावर राहते.

गायिका त्यानंतरही माझ्याकडून गाणी घेत राहिली. आता ती नाचत नाही, वारीला जाते आणि आषाढाच्या आधी एक अभंग मागते. मी फोनवर म्हणून दाखवते, ती अडेल तिथे थांबवते. मुलीबद्दल ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. हे बरोबर आहे की भित्रेपणा आहे, ते मला सांगता येत नाही.

आणि दुसरी कादंबरी. तुम्ही विचारलेत म्हणून सांगते, ती आहे. आईवर आहे, विड्यांच्या सुपापासून सुरू होते आणि दोनशे पानांवर अडली आहे. आईला विचारता येणार नाही, ती जाऊन अकरा वर्षे झाली. या वर्षी मी पहिली दहा पाने धाकट्या बहिणीला वाचून दाखवली. वडिलांची गिरणी बंद पडल्याचा दिवस त्यांत आहे. आई सूप बाजूला ठेवून रडते, असे मी लिहिले आहे. बहिणीने तिथे थांबवले. आई त्या दिवशी रडली नव्हती, म्हणाली; तिने हजार विड्या पूर्ण केल्या आणि मग उठली. मला ती रडलेली स्पष्ट आठवते. आम्ही संध्याकाळपर्यंत वाद घातला. शेवटी वही इथेच ठेव, मी सगळी वाचते, मग बोलू, असे बहीण म्हणाली. त्याला आता चार महिने झाले.