आधी वर्ष ठरवा, मग भांडा

वर्षातल्या उत्तम सिनेमांची यादी करायची तर आधी सांगा, ‘कोर्ट’ हा सिनेमा कोणत्या सालचा? व्हेनिसच्या महोत्सवात तो सप्टेंबर २०१४ मध्ये दाखवला गेला, राष्ट्रीय पुरस्कारांत २०१४ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि आपल्याकडे थिएटरात लागला १७ एप्रिल २०१५ ला. ‘रिंगण’चं तर आणखी लांबलं. २०१५ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि प्रदर्शनाला जून २०१७ उजाडला. ‘वाळवी’ १३ जानेवारी २०२३ ला लागला, पण त्याचा पुरस्कार २०२२ च्या यादीत आहे. राष्ट्रीय पुरस्कार सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख बघतात, तिकीटबारीची नाही. म्हणून हा घोळ.

डिसेंबरात ‘यंदाचा सगळ्यात भारी सिनेमा’ यावर जी भांडणं होतात, त्यातली बरीचशी इथेच सुरू होतात. एक जण महोत्सवाचं वर्ष धरतो, दुसरा थिएटरचं, तिसरा त्याने ओटीटीवर पाहिला तेव्हाचं. तिघांचाही सिनेमा चांगलाच असतो, फक्त यादी एका वर्षाची नसते.

मित्रमंडळींच्या किंवा फिल्म सोसायटीच्या यादीला सगळ्यात सोयीचा नियम हा: भारतात सामान्य प्रेक्षकाला पैसे देऊन (थिएटरात किंवा ओटीटीवर) सिनेमा पहिल्यांदा बघता आला ती तारीख, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. महोत्सवातलं प्रदर्शन मोजायचं नाही. म्हणजे ‘साबर बोंडं’ सनडान्स महोत्सवात जानेवारी २०२५ मध्ये आणि थिएटरात सप्टेंबर २०२५ मध्ये, दोन्हीकडून २०२५ च. तिथे प्रश्नच नाही. ‘लापता लेडीज’ मात्र टोरंटोला सप्टेंबर २०२३ मध्ये दाखवला गेला आणि इथे १ मार्च २०२४ ला लागला, म्हणून तो २०२४ चा. गोव्याच्या इफ्फी किंवा पुण्याच्या पिफ या महोत्सवांत कुणी काही अफाट पाहून आलं असेल, तर ती नावं ‘पुढच्या वर्षी लक्ष ठेवा’ अशा वेगळ्या यादीत टाकायची. परदेशात राहणाऱ्यांनीही भारतातलीच तारीख धरायची, नाहीतर सांगलीचा माणूस आणि न्यू जर्सीचा माणूस दोन वेगळ्या वर्षांवर मत देत बसतात.

पुन्हा प्रदर्शित झालेले सिनेमे बाद. ‘तुंबाड’ २०१८ चा, सप्टेंबर २०२४ मध्ये परत लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला, म्हणून तो २०२४ चा होत नाही. वेबमालिका वेगळी ठेवा. आठ तासांची गोष्ट आणि दोन तासांची गोष्ट एका तराजूत घालणं मला तरी पटत नाही.

मतदान ३१ डिसेंबरला घेऊ नका. शेवटच्या शुक्रवारी लागलेला सिनेमा तोवर निम्म्या लोकांनी पाहिलेलाच नसतो. मल्टिप्लेक्सच्या अटीमुळे हिंदी सिनेमा थिएटरनंतर साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो. त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीस मतदान ठेवलं, तर डिसेंबरचे बहुतेक हिंदी सिनेमे घरी बघून होतात. मराठीचं गणित निराळं. आठवडाभर दोन-चार शो लागतात, तेही पुण्या-मुंबई-ठाण्यात, आणि ओटीटीवर कधी येईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे मराठी सिनेमा लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात गटावर खबर द्यायचं काम एका माणसाकडे सोपवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते झालं नाही तर यादीत मराठीच्या नावाने एक-दोन गाजलेले सिनेमेच उरतात.

दुसरी अडचण आठवणीची. फेब्रुवारीत पाहिलेला सिनेमा डिसेंबरात धूसर होतो आणि नोव्हेंबरातला ताजा असतो, म्हणून वर्षअखेरचे सिनेमे वरचढ ठरतात. उपाय साधा: जानेवारीपासून एक सामायिक शीट. रकाने पाच पुरेत: सिनेमाचं नाव, भाषा, प्रदर्शनाची तारीख, कुणी कुणी पाहिला, आणि पाहिल्यापासून २४ तासांच्या आत लिहिलेली एक ओळ. ती ओळ ‘मस्त’, ‘जबरी’ अशी नको. ‘दुसऱ्या अर्ध्यात आईचं पात्र गायब होतं’ अशी हवी, कारण दहा महिन्यांनी विशेषणं काहीच आठवून देत नाहीत. नाव एकाच पद्धतीने लिहा. कुणी देवनागरीत, कुणी रोमनमध्ये, कुणी अर्धवट लिहिलं की मोजणीच्या वेळी एकाच सिनेमाची मतं तीन ठिकाणी विखुरतात. मतदानाच्या वेळी नावं टाइप करायला लावूच नका, यादीतून निवडायला लावा.

आता मोजणी. इथे लोक सगळ्यात कमी विचार करतात, आणि निकाल सगळ्यात जास्त इथेच ठरतो. समजा १५ जण आहेत आणि तीन सिनेमे उरलेत: क, ख, ग. सहा जणांचा क्रम क, ग, ख. पाच जणांचा ख, ग, क. चौघांचा ग, ख, क.

फक्त पहिली पसंती मोजली तर क जिंकतो: ६ विरुद्ध ५ विरुद्ध ४. पण १५ पैकी ९ जणांनी क ला तळाला टाकलंय, हे या पद्धतीत कुठेच दिसत नाही.

पसंतीक्रमाची पद्धत लावा. सगळ्यात कमी पहिली मतं असलेला ग बाद होतो, त्याची चार मतं त्या चौघांच्या दुसऱ्या पसंतीला, म्हणजे ख ला जातात. ख ९, क ६. ख जिंकला. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २००९ च्या सिनेमांपासून हीच पद्धत आहे.

आता गुण द्या: पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. क ला १८ + ५ + ४ म्हणजे २७. ख ला ६ + १५ + ८ म्हणजे २९. ग ला १२ + १० + १२ म्हणजे ३४. ग जिंकला!

त्याच १५ चिठ्ठ्या आणि तीन वेगळे विजेते. त्यामुळे पद्धत मतदानाआधी ठरवून शीटच्या माथ्यावर लिहून ठेवा. चिठ्ठ्या उघडल्यावर पद्धत बदलायची सूचना कोण करतो, ते बघण्यासारखं असतं. ज्याच्या आवडत्या सिनेमाचा नंबर घसरला, तोच करतो. माझं मत गुणांच्या बाजूने आहे. मंडळींच्या यादीत ‘कुणालाच नकोसा न झालेला’ सिनेमा वर यायला हरकत नाही. वरच्या उदाहरणात ग ला क शी एकास एक लावलं तर ग ९-६ ने जिंकतो, ख शी लावलं तर १०-५ ने. मात्र एकच विजेता हवा असेल आणि क्रमवारी नको असेल, तर पसंतीक्रम बरा.

‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिने-मासिकाच्या दर दहा वर्षांच्या कौलात प्रत्येक जण दहा सिनेमे देतो, क्रमाशिवाय, सगळ्यांना एकच मत. शेकडो मतदार असताना ते चालतं (२०२२ मध्ये १,६३९ होते). पंधरा जणांत तसं केलं तर सात-सात मतांवर पाच सिनेमे अडकून बसतात. पंधरा जणांच्या गटात पाच नावं क्रमाने मागा, गुण ५-४-३-२-१. सहा ते दहा क्रमांकांवर लोक आठवेल ते भरतात.

दहापैकी गुण देऊन सरासरी काढायची असेल तर एक सापळा आहे. दोघांनीच पाहिलेला, दोघांनी ९ दिलेला सिनेमा चौदा जणांनी पाहिलेल्या साडेसात सरासरीच्या सिनेमाला सहज मागे टाकतो. बेरीज केली तर उलटं होतं, जास्त पाहिलेलाच जिंकतो. मधला मार्ग असा: प्रत्येक सिनेमाला गटाच्या एकूण सरासरीची पाच काल्पनिक मतं जोडा. सरासरी ६.५ धरली तर चौदा जणांचा सिनेमा (१०५ + ३२.५) ÷ १९, म्हणजे ७.२४. दोघांचा (१८ + ३२.५) ÷ ७, म्हणजे ७.२१, किंचित मागे. पण तोच सिनेमा चौघांनी पाहून ९ दिले असते तर (३६ + ३२.५) ÷ ९, म्हणजे ७.६१, आणि तो पुढे गेला असता. छोट्या सिनेमाला संधी राहते, मात्र दोन माणसांच्या जिवावर नाही.

मुद्दाम प्रतिस्पर्ध्याला १ देणारे महाभाग असतातच. आठ किंवा जास्त मतं असतील तर एक सर्वोच्च आणि एक नीचांक वगळा. चिठ्ठ्या सगळ्यांना दिसणार हे आधीच सांगितलं तरी हा प्रकार बराच कमी होतो.

गूगल फॉर्म वापरत असाल तर ग्रिडमध्ये ‘एका स्तंभात एकच उत्तर’ हा पर्याय चालू करा, ओळींत सिनेमे आणि स्तंभांत क्रमांक ठेवा, आणि प्रत्येक ओळीत उत्तर सक्तीचं करू नका. सक्ती राहिली तर वीस सिनेमांना पाच क्रमांक पुरणार नाहीत आणि फॉर्म पाठवताच येणार नाही. ओळींचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवा. नाहीतर वरच्या नावांना फुकटचा फायदा होतो. फोनवर रुंद ग्रिड आडवं सरकवावं लागतं, म्हणून पाचच क्रमांक. साठ सिनेमांची यादी फॉर्ममध्ये घालू नका. त्याआधी एक फेरी घ्या, किमान तिघांनी उचलून धरलेली नावं पुढे न्या.

चर्चा मतदानाआधी की नंतर? दोन्हीकडे मत घ्या. आधी मुकाट्याने एक चिठ्ठी, मग चर्चा, मग दुसरी चिठ्ठी, धरायची दुसरी. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचा सिनेमा पहिला, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. चर्चेत प्रत्येक सिनेमाला एक वकील, तीन मिनिटं, आणि बंधन एकच: एखादा प्रसंग, एखादा शॉट, एखादा कट दाखवून बोलायचं. ज्याने सिनेमा पाहिला नाही त्याने प्रश्न विचारावेत, मत देऊ नये. ट्रेलर आणि परीक्षणं वाचून वाद घालणारे सगळ्यात आवेशाने बोलतात. आणि ‘आवडता’ व ‘उत्तम’ हे दोन वेगळे प्रश्न विचारा. एकाच प्रश्नात दोन्ही कोंबले की निम्मे लोक मनापासून आवडलेला लपवून प्रतिष्ठेचा सिनेमा लिहितात.

दहाव्या क्रमांकावर बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकू नका, अकरा सिनेमे ठेवा. पहिल्या क्रमांकावर झाली तर ज्याला पहिल्या पसंतीची मतं जास्त तो वर. तरीही सारखे निघाले तर दोन्ही पहिले, आणि प्रत्येकापुढे किती जणांनी पाहिला तो आकडा कंसात.