बी हाय का मासा

९ फेब्रुवारी, रविवार

सोलापूरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठला, पाळणेसुद्धा मोडून गेले, तरी होम मैदानावरून आणलेले प्लास्टिकचे चार टब गच्चीवर उपडेच पडले होते. आज सरळ केले आणि तळाला तापलेल्या सळईने भोकं पाडली. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात सुताची पोती रिकामी होतात, त्यातली सहा मागून आणली आहेत. हिशोब बघणारा माणूस पोती कशाला नेतोय, म्हणून गोडाउनवाल्याने दोनदा विचारलं.

संध्याकाळी बियाण्याच्या दुकानात गेलो. "भेंडी द्या" म्हणालो. दुकानदार म्हणाला, "किती गुंठे?"

"गच्ची आहे."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खालच्या खणातून परसबागेची लहान पाकिटं काढली. भेंडी, गवार, दुधी, राजगिरा, धने, टोमॅटो घेतले. दोडक्याचं पाकीट घरात होतं, मेहुण्याने कधीतरी दिलेलं. संकरित घेऊ का साधं सुधारित, यावर मी बराच वेळ घालवला. संकरित जोमदार असतं, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच निपजेल याचा भरवसा नाही. भेंडीची परभणी क्रांती घेतली. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हा जुना वाण आहे. शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला दाद देत नाही, अशी त्याची ख्याती आहे.

बी गुलाबी निघालं. बुरशीचं औषध लावलेलं. पाकिटावर 'विषारी, खाऊ नये' असं ठळक छापलंय. मी ते सरळ ओट्यावर ठेवलं आणि बायकोचं जे ऐकायचं ते ऐकलं.

१३ फेब्रुवारी

उगवण बघितली. आमच्याकडे टॉवेलला तोटा नाही. ऑफिसातला एक डागी नॅपकिन ओला करून पिळला, त्यावर प्रत्येक जातीचे दहा-दहा दाणे ओळीने मांडले, गुंडाळी केली आणि पिशवीत घालून फ्रिजवर ठेवली. आई म्हणाली, गावाकडं हेच गोणपाटात करायचो, शंभर दाण्यांचं.

चौथ्या दिवशी उघडलं. गवार दहात नऊ, भेंडी आठ. पाकिटावर भेंडीला किमान ६५ टक्के लिहिलंय, म्हणजे ठीक. मेहुण्याच्या दोडक्याचे दाणे होते तसेच. पाकीट उलटं केलं तर मुदत दीड वर्षापूर्वीच संपलेली. दोडक्याचं बी तसंही जाड सालीचं, उशिरा फुटतं, म्हणून गुंडाळी पुन्हा बांधून ठेवलीय. फार आशा नाही. पण हे पोत्यात पेरलं असतं तर मी महिनाभर मातीला दोष देत बसलो असतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

पेरणी.

माती मोहोळकडची, आमच्या शेतातली, काळी. दोन गोण्या मोठ्या अभिमानाने आणल्या होत्या. आईने मूठभर ओली करून वळली. लाडू झाला. "ही रानात चांगली, पोत्यात फरशी हुईल," म्हणाली. खरंय. काळी माती पाणी धरते, फुगते, वाळली की भेगाळते. शेतात मुळांना खाली कितीही जागा असते, पोत्यात कुठे जाणार? मग दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिसळलं. कोकोपीटची वीट पाण्यात टाकली की बादलीभर होते, ते बघायला लेक मुद्दाम वर आली होती.

भेंडी रात्रभर भिजवली (वेगळ्या डब्यात, ज्यावर आता खिळ्याने 'बी' असं कोरलंय). गवार तशीच. दुधीच्या बियांचं टोक नेलकटरने किंचित उडवून चोवीस तास पाण्यात. धने चपलेखाली रगडले, कारण एका धन्यात दोन बिया असतात आणि फोडले नाहीत तर उगवायला वेळ घेतात. राजगिरा इतका बारीक की चिमटीतून पन्नास दाणे एकदम पडतात, म्हणून तो मूठभर वाळूत मिसळून फेकला. किती खोल? बी जितकं जाड त्याच्या दुप्पट-तिप्पट. भेंडी बोटाच्या एका पेरापेक्षा कमी, राजगिरा तर नुसता मातीत चोळायचा.

टोमॅटो पेरायला निघालो तर आई म्हणाली, आता? तो दिवाळीच्या आधी लावायचा. मी ऐकलं नाही. ट्रे घरात खिडकीपाशी ठेवलाय.

२० फेब्रुवारी

काही नाही.

पाणी घातलं. सकाळी, ऑफिसातून आल्यावर आणि झोपायच्या आधी बॅटरी घेऊन. आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांआड, त्यामुळे घरात एकेक तांब्याचा हिशोब चाललेला आणि मी गच्चीवर बादल्या ओततोय. खालच्या अम्मा जिन्यात विड्या वळत बसतात. माझी तिसरी बादली वर जाताना बघून म्हणाल्या, "किती पानी घालायलास रे? बी हाय का मासा?"

वर जाऊन भेंडीच्या जागी बोट घालून उकरलं. बी मऊ, सुजलेलं. पुन्हा झाकलं. दुसऱ्या जागी उकरलं, तिथे इवलासा पांढरा मोड होता आणि तो माझ्याच नखाने तुटला.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "गर्भारणीचं पोट रोज चापसून बघत्यात का?"

२२ फेब्रुवारी

गवार आली! दोन जाड पानं, मधून वाकलेली मान, डोक्यावर मातीचा ढेकूळ घेऊन. लेकीने मोजली, अकरा. राजगिऱ्याची तर लाल-हिरवी लव आलीय.

भेंडी मात्र नाही. पाण्याच्या माऱ्याने वर पापडी धरलीय, वाळली की पत्र्यासारखी. खालून मोड जोर लावतोय आणि पापडी जागेवरून उचलली जातेय, फुटत नाहीये. काट्या-चमच्यातल्या काट्याने हलक्या हाताने पापडी मोडली आणि वर शेणखताची चाळण भुरभुरवली. पाणी आता एक वेळ, तेही बोट घालून बघून. पहिल्या पेरापर्यंत ओल लागली तर घालायचं नाही. बोट घालायची परवानगी आहे, पण कडेला.

२ मार्च, रविवार

टोमॅटो गेले. आधी खिडकीकडे ताणून दोऱ्यासारखे पांढरट झाले, मग काल संध्याकाळी जमिनीलगत देठ काळा पडून एकेक आडवा. आज सकाळी सगळी रांग झोपलेली. रोपवाटिकावाले याला रोप कोलमडणं म्हणतात. ओल जास्त, हवा कमी, की बुरशी देठ कापते. मी रोज झोपताना फवाऱ्याने पाणी मारायचो.

जगले असते तरी काय, एप्रिलमध्ये गच्चीवर दिवसाचं ऊन ३५ अंशांच्या वर आणि रात्रही तापलेली, अशात टोमॅटोचं फूल फळ न धरता गळतं. आईचं 'दिवाळीच्या आधी' हेच सांगत होतं. वसंतात बी पेरा म्हणणारे बहुतेक सल्ले थंडी सरायची वाट बघायला सांगतात. आपल्याकडे थंडी सरते कधी तेच कळत नाही. महाशिवरात्र झाली की ऊन चढायलाच लागतं. इथे वाट बघत बसलं तर गेलं. पाडव्याच्या आत मुळं खाली गेली पाहिजेत, एवढंच गणित.

९ मार्च, रविवार

विरळणी. हे काम कुणी सांगितलंच नव्हतं.

एका खड्ड्यात दोन-तीन बिया टाकल्या होत्या, न उगवल्या तर असाव्यात म्हणून. उगवल्या सगळ्या. एका टबात दुधीचे तीन वेल. एकच ठेवायचा. मी कात्री घेऊन अर्धा तास उकिडवा बसलो होतो. उपटायचं नाही, शेजारच्याची मुळं हलतात, म्हणून जमिनीलगत कापायचं. पहिलं कापलं. दुसऱ्याला हात जाईना. इतके दिवस ज्याच्यासाठी रात्री बॅटरी घेऊन आलो, तेच कापायचं? दोन ठेवले. लेक म्हणाली, तिसरा कुणी ठरवला?

भेंडी फुटावर एक ठेवली. राजगिरा विरळला त्याची सकाळी भाजी झाली, ओंजळभरच, चौघांत दोन-दोन घास. भाकरीला पुरली नाही, पण विरळणीतला एवढा एकच भाग मला आवडला.

धने आले नाहीत. एका कोपऱ्यात सात काड्या. त्याला गारवा लागतो, उशीर झाला.

१२ मार्च

चिमण्यांनी भेंडीच्या चार रोपांचे शेंडे खाल्ले. चिमण्या कमी झाल्या म्हणून हळहळणाऱ्यांना आमच्या गच्चीवर बोलवावं. जुनी मच्छरदाणी पसरली.

१९ मार्च, रंगपंचमी

रंगाचं पाणी कुंडीत ओतू नका, एवढं मुलांना सांगण्यात सकाळ गेली.

२५ मार्च

मार्च एंड. जीएसटी, स्टॉक, देणेकरी. घरी यायला साडेनऊ. गच्चीवर गेलो नाही, पाणी आईने घातलं, तेही एक दिवसाआड. हे लिहायचं कारण एवढंच, की माझा हात न लागलेल्या या आठवड्यात भेंडी वीतभर वाढली.

३० मार्च, पाडवा

गुढी उतरवायच्या आधी गच्चीवर गेलो तर फरशी अनवाणी सोसेना. पोत्यांच्या कडेची माती दुपारी हाताला चटका देते. दुधीची पानं दोनला मान टाकतात, सहाला पुन्हा ताठ. आधी मी दुपारी धावत पाणी घालायचो. संध्याकाळी आपोआप उठतात म्हणजे मुळाशी ओल आहे, उन्हाने नुसता श्वास कोंडलाय. सकाळीच मान टाकलेली असेल तर ती खरी तहान.

६ एप्रिल, रविवार

आईची जुनी सुती पातळं दोरीवर बांधून पश्चिमेचं ऊन अडवलं. आच्छादनाला कडबा शोधत होतो. अम्मांनी खालून हाक मारली आणि गोणीभर तेंदूच्या पानांची कातरणं दिली. विडीसाठी पान मापाने कापतात, कडा उरतात, त्या अम्मा बंबात जाळतात. तीन बोटं जाडीचा थर दिला. दुसऱ्या दिवशी खाली बोट घातलं तर गार. पाणी निम्म्यावर आलं.

बदल्यात त्यांनी एका पोत्याची जागा मागितली. गोंगुरासाठी. आई म्हणाली, म्हणजे अंबाडीच. ऑफिसात अक्कलकोटचे एकजण आहेत, ते म्हणाले, पुंडी पल्ले का? पोतं एक, भाजी एक, नावं तीन. बी अम्मांनीच पदराच्या गाठीतून काढलं, करडं, तीन कोनी. भिजवलं नाही, मोजलं नाही, बोटाने रेघ ओढून टाकलं, पायाने माती सारली आणि एक तांब्या पाणी. पाचव्या दिवशी ओळ उभी. मी बघतच राहिलो.

१३ एप्रिल, रविवार

भेंडीला फुलं येऊन दहा दिवस झाले. फिकट पिवळं, पोटात गडद तांबडा ठिपका. लेक म्हणाली हे कापसाच्या फुलासारखं दिसतं. बरोबर आहे, भेंडी, अंबाडी, कापूस, जास्वंद एकाच कुळातले. म्हणजे मी दिवसभर ज्याच्या सुताचा हिशोब लिहितो त्याचीच भावंडं गच्चीवर वाढवतोय.

भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. मंगळवारी राहून गेली, गुरुवारी बोटभर जास्त वाढून दोरखंड झाली होती. एका झाडाच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्यात. पांढरी माशी हा रोग पसरवते. ख्यातीवर विसंबलो होतो, तरी ते झाड मुकाट्याने उपटलं. विरळणीने एवढं तरी शिकवलंय.

दुधीचं वेगळंच. आठवडाभर फुलंच फुलं आणि दुधी एक नाही. नरफुलं आधी येतात, लांब देठाची. मादी फुलामागे करंगळीएवढी दुधी आधीच असते, ती परवा दिसली आणि पिवळी पडून गळली. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि चौथ्या मजल्यावर त्या वेळी कोण किडा येणार? म्हणून काल साडेसातला नरफूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि त्याचा परागांचा गोंडा मादी फुलात हलकेच फिरवला. पलीकडच्या गच्चीवरच्या काकू कपडे काढायला आल्या होत्या. पांढरी फुलं, मोबाईलची बॅटरी तोंडात आणि मी. त्यांनी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२० एप्रिल, रविवार

दुधी धरली! वीतभर झालीय, खाली लेकीच्या जुन्या मोज्याची झोळी बांधलीय. दुसऱ्या वेलाची मात्र वाढ खुंटली आहे, एका टबात दोन ठेवायला नको होते.

गवार आज पावशेर निघाली. शेंगदाण्याचं कूट घालून केली, बरोबर अम्मांकडून आलेली गोंगुऱ्याची चटणी, जी खाऊन आमच्या घरात कुणी दहा मिनिटं बोललं नाही. हिरव्या मिरच्या त्या किती घालतात कोण जाणे.

भेंडीच्या सगळ्यात निरोगी झाडावरच्या दोन शेंगा तोडल्या नाहीत. लाल सुताचा धागा बांधून ठेवलाय, आईने चुकून भाजीत घालू नयेत म्हणून. वाळून तडकल्या की बी काढायचं.

पारा चढायला लागलाय. यापुढे नवीन काही पेरायचं नाही, आहे ते जगवायचं. ड्रममध्ये वीतभर पाणी उरलंय आणि नळ उद्या पहाटे. साडेचारचा गजर लावलाय.