तुम्ही विचारलंत म्हणून: गाठ दिसलीय, मग पुन्हा फोटो कशाला?

शनिवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरला उतरलो की रविवारी कुणीतरी सीटीची पिशवी घेऊन दारात असतंच. मी पुण्यात ऑपरेशन थिएटरमध्ये एक्स-रे टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, हे सांगून थकलो.

परवा अशोक चौकातले काका आले. "फुप्फुसातली गाठ सीटीत दिसलीय. मग ऑपरेशन चालू असताना परत मशीन कशाला फिरवता? बिल फुगवायला का ओ?"

काकांचा जन्म मागावर गेलाय. म्हटलं, "पसरलेल्या चादरीत तुटका धागा दिसतो. तीच चादर चुरगळून गाठोड्यात कोंबली तर कुठं शोधाल?"

सीटीला माणूस उताणा असतो, छाती भरून श्वास धरलेला. ऑपरेशनला तो कुशीवर, आणि त्या बाजूच्या फुप्फुसातली हवा काढलेली. 8 मिलिमीटरची गाठ मग असते तिथं राहत नाही. त्यात ती धुरकट असेल तर छातीला पाडलेल्या छिद्रातून घातलेल्या बोटालाही लागत नाही.

बऱ्याच ठिकाणी आजही आधी सीटीखाली गाठीजवळ खुणेसाठी टोकाला आकडा असलेली तार रोवतात. थिएटरला नेईपर्यंत ती कधी सरकते, कधी छातीत हवा साठते. चाकांवरचा सी-आर्म, म्हणजे इंग्रजी C सारख्या कमानीचं एक्स-रे मशीन, असेल तर थ्रीडी चित्र टेबलावरच मिळतं. सर्जन अंदाजानं फुप्फुसावर क्लिप लावतात. भूलतज्ज्ञ फुप्फुस थोडं फुगवून श्वास रोखून धरतात, कारण पूर्ण मिटलेलं फुप्फुस पांढरंफटक दिसतं आणि गाठ त्यात हरवते. आम्ही शिशाच्या पडद्यामागं. आर्म पेशंटभोवती फिरतो आणि क्लिपपासून गाठ किती दूर, ते कळतं. माझा घाम मात्र त्याआधीच निघालेला असतो: आर्म एखाद्या नळीला किंवा हाताच्या आधाराला थटत नाही ना, हे रिकामा फिरवून बघताना.

बिल वाढतं, खोटं कशाला बोलू? थोडे किरणही जास्त लागतात. पण गाठ सापडेना म्हणून फुप्फुसाचा मोठा तुकडा कापण्यापेक्षा हे परवडलं.

मग मीच विचारलं, "पण काका, गाठ काढायचीच असं ठरलंय का? टीबीचे जुने डागही असेच दिसतात. भरीव गाठ दोन वर्षं जशीच्या तशी राहिली तर डॉक्टर सहसा हात लावत नाहीत. करोनात काढलेली सीटी असेल ना घरी?"

"होती की," काका म्हणाले. "2022 च्या ऑक्टोबरात नातवानं ग्रहण बघायला नेली."