गच्चीवरचं अंतराळयुद्ध : नोंद ७

मागच्या नोंदीत फुशारकी मारली होती, की जहाजांची लढाई हॉलच्या फरशीवर खेळू. नाही मावली. 'ट्रॅव्हलर' या अंतराळातल्या रोल-प्लेइंग खेळाच्या (पात्रं होऊन, फासे टाकून खेळायचा) १९८१च्या आवृत्तीत १ मिलिमीटर म्हणजे १०० किलोमीटर आणि एक फेरी १००० सेकंदांची. या मापाने पृथ्वीएवढा ग्रह जेमतेम १३ सेंटिमीटरचा, एक स्टीलची ताटली पुरली. पण सुरक्षित जम्प (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे थेट उडी) मारायला ग्रहाच्या व्यासाच्या शंभरपट दूर जावं लागतं, म्हणजे पावणेतेरा मीटर! मग खडू, सुतळी आणि मोजपट्टी घेऊन सगळे गच्चीवर.

आमचं फ्री ट्रेडर, म्हणजे छोटं मालवाहू जहाज, २०० टनी, १-जीचं (पृथ्वीच्या गुरुत्वाएवढा जोर). दर फेरीला वेगात १०० मिलिमीटरची भर. मागचा वेग मात्र तसाच राहतो, घर्षण नाहीच. थांबायचं नसेल तर सोळा फेऱ्यांत सुटका. रेफरी, म्हणजे खेळ चालवणारा, मीच, म्हणून चाचेही माझेच. त्यांची स्काउट, म्हणजे छोटी टेहळणी नौका, २-जीची, आमच्या दुप्पट जोर. मी ती ऐटीत समोरून आणली आणि तिथंच फसलो. दोघांचे वेग एकमेकांविरुद्ध. दोन फेऱ्या लेझर चालले, ते अडवायला वाळूचे ढग सोडून झाले आणि तिसऱ्या फेरीत स्काउट पाण्याच्या टाकीपलीकडे. वळायचं तर आधी तो सगळा वेग मारायचा. तोवर आमची मंडळी पसार.

मजा आली, पण पायलट आणि गनरलाच. इंजिनिअर मोबाइल बघत होता. म्हणून पुढच्या खेपेला मोंगूस या प्रकाशकाच्या आवृत्तीतली सहा मिनिटांची फेरी घेतली. तिच्यात कॅप्टन, सेन्सर, इंजिनिअर, सगळ्यांना फासे टाकायला कारण मिळतं. स्टुअर्ड तरीही रिकामाच होता. त्याला म्हटलं, केबिनमधले प्रवासी घाबरलेत, सांभाळ. सगळ्यात रंगलेला प्रसंग तोच निघाला, आणि तो कुठल्याच नियमात नव्हता.

याच खेपेत चाच्यांनी माल मागितला तेव्हा वाद पेटला. जहाजाचं कर्ज ४८० महिन्यांचं, दरमहा १,५४,५०० क्रेडिट. 'हप्ता बँकेला द्यायचा की यांना?' असं कॅप्टन ओरडला आणि पाच मिनिटं कुणीच फासे उचलले नाहीत. शेवटी अर्धा माल सोडला.

रविवारी स्काउट मागून येईल. त्या पाठलागाला गच्ची पुरायची नाही, म्हणून १ मिलिमीटरला २०० किलोमीटर धरतोय. ताटलीच्या जागी वाटी लागेल.