लावणीच्या व्हिडिओतले काळे पट्टे

स्पर्धेला पाठवायचा भाचीच्या लावणीचा व्हिडिओ फोनवर शूट करून तीन आठवडे झाले, पण त्या सर्व्हिस सेंटरचा राग अजून गेलेला नाही.

स्पर्धेची अट एकच टेक, मध्ये कट नाही. रात्री सोसायटीच्या हॉलमध्ये पहिला टेक घेतला आणि बघते तर चित्रभर खालीवर सरकणारे काळे पट्टे. नुसत्या डोळ्यांना हॉलमध्ये काहीच दिसत नव्हतं. लेन्स पुसली, फोन बंद करून चालू केला, तरी पट्टे तसेच.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून सर्व्हिस सेंटर गाठलं. टोकन घेऊन दीड तास बसले. काउंटरवरच्या मुलाने फोन काचेच्या दाराकडे धरून दहा सेकंद रेकॉर्ड केलं आणि म्हणाला, "मॅडम, काही प्रॉब्लेम दिसत नाही." मी रात्रीचा व्हिडिओ दाखवला. "मग सेन्सर गेला असेल. कॅमेरा बदलावा लागेल. फोन चार दिवस ठेवून जा." खर्च साडेसहा हजार, आणि व्हिडिओ पाठवायला उरलेले दिवस पाच! उन्हात पट्टे येत नाहीत, हॉलमध्ये येतात, यातच सगळं आलं होतं. पण शूटिंग कुठल्या दिव्याखाली केलंत, एवढं त्याने एकदाही विचारलं नाही. रोजचं काम आहे हो त्याचं!

फोन ठेवला नाही, हे नशीब. संध्याकाळी जिन्यात लग्नाची शूटिंग करणारा शेजारचा दादा भेटला. व्हिडिओ बघताक्षणी म्हणाला, "ताई, फोन ठणठणीत आहे. ट्यूबा लुकलुकतायत." आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं आणि प्रत्येकात उजेड दोनदा चढतो-उतरतो, त्यामुळे चोकवाली ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही. फोन मात्र चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे शटर फार वेगाचं असलं, म्हणजे प्रत्येक ओळ फार थोडा वेळ उजेड घेत असली, की काही ओळी उजेडात येतात, काही अंधारात. उपाय फुकटचा. प्रो व्हिडिओ मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवायचं. मी दोन्ही करून पाहिले. १/५० ला गिरकीत हात पुसट होत होते, १/१०० ला बोटं नीट दिसली. चित्र थोडं काळवंडतं, म्हणून उजेड जास्त हवा.

तो आम्ही रविवारी सकाळी मिळवला. खिडक्या भाचीच्या डाव्या हाताला, उजवीकडे दोरीवर पांढरीशुभ्र चादर, म्हणजे सावलीतला गाल काळा पडत नाही. रिंगलाइट समोर लावून पाहिला होता, पण नऊवारीच्या निऱ्या सपाट दिसल्या. बाजूच्या उजेडात एकेक निरी उठून दिसली. जरीचा काठ चमकला की फोन आपोआप उजेड कमी करतो, म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा.

आता कॅमेरा हलवण्याचं. मी आधी प्रत्येक ठेक्यावर हलत होते. भाची म्हणाली, "मावशी, चक्कर येतेय बघताना." मग ठरवलं, ती चालीवर पुढे येते तेव्हाच मी मागे सरकणार, अदा आली की जागेवर थांबणार. त्यासाठी मला गाणं पाठ करावं लागलं, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. कोपरं बरगड्यांना टेकवून, गुडघे किंचित वाकवून चाला. फोन कमरेच्या उंचीवर धरा आणि पाय कापू नका. घुंगरांचा आवाज येतोय आणि पावलं दिसत नाहीत, अशी लावणी कोण बघणार? झूम तर करूच नका, त्याने चित्र फुटू शकतं. जवळचं हवं तर दोन पावलं पुढे जा.

सहावा टेक पाठवला. शेवटच्या गिरकीत पदर चादरीकडच्या उजेडात फिरतो आणि ती थेट लेन्समध्ये बघते, तेवढा तुकडा मी अजून रोज बघते.

हो, आणि आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. आमचा सगळ्यात सुरेख चौथा टेक ऐन मुरक्यावर आलेल्या कॉलमुळे गेला.