गिऱ्हा अखेर उमटला (नोंद ९)

उमटला! विचर ३ हा व्हिडिओ गेम मी मराठीत आणतोय, त्यातला पाच रविवार छळणारा एक शब्द अखेर पडद्यावर नीट आला. काल रात्री पावणेबाराला, खेळातल्या व्हाइट ऑर्चर्ड गावाच्या नदीकाठी. खेळाचा नायक गेराल्ट, म्हणजे राक्षस मारत फिरणारा विचर, तलवार उपसून उभा, समोर पाण्यातून ते ओलं, निळसर ध्यान वर येतंय, आणि त्याच्या लाल पट्टीच्या वर स्वच्छ मराठीत: गिऱ्हा. ह च्या आधीचा तो चंद्रकोरीसारखा अर्धा र जिथे हवा तिथे, जसा हवा तसा. मी खेळ तिथेच थांबवला, बायकोला उठवून दाखवलं. तिने एक डोळा उघडून "बरं" म्हटलं आणि कूस बदलली. तेवढ्यात थांबवलेला खेळ चुकून सुरू झाला आणि गिऱ्ह्याने मला मारलं. चालतंय.

आधीच्या आठ नोंदी वाचल्या असतील असं धरतो. वेलांटी अक्षराच्या मागे पडण्याचं प्रकरण पाचव्या नोंदीत मिटलं, मात्रा हवेत तरंगण्याचं सातव्या नोंदीत. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी एवढंच: विचर ३ चा इंटरफेस, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आणि पट्ट्या, स्केलफॉर्म नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो. तो अक्षराच्या एका कोडला एक चित्र काढतो आणि पुढे सरकतो. देवनागरीची जोडाक्षरं जुळवणं हे त्याचं कामच नाही, आणि २०१५ मध्ये त्याच्याकडे ते कुणी मागितलंही नव्हतं. अरबी त्यात आहे, पण अरबीच्या प्रत्येक रूपाला युनिकोडमध्ये वेगळा कोड मिळतो. आपल्याला ती सोय नाही. म्हणून मामाच्या डीटीपीच्या दिवसांतली युक्ती वापरली. श्रीलिपी आणि शिवाजीच्या काळात पहिली वेलांटी आधी टाइप करायचे आणि अक्षर नंतर, म्हणजे जसं दिसतं तसं. मी तेच करतो, फक्त यंत्राकडून: प्रत्येक वाक्य पायथनच्या प्रोग्राममधून हार्फबझकडे, म्हणजे जोडाक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, पाठवायचं, त्याने जुळवलेला प्रत्येक अक्षरगट एकसंध चित्र म्हणून फॉन्टमध्ये भाजायचा आणि त्याला युनिकोडच्या मुख्य पट्ट्यातल्या खासगी वापराच्या ६,४०० जागांपैकी एक द्यायची. गेमला वाटतं एक अक्षर आलं. आपल्याला 'स्त्रि' दिसतं.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तीस वर्षांनी तू तिथेच आलास जिथून आम्ही सुटलो." त्याचं म्हणणं खोटं नाही.

तर गिऱ्हा. ड्राउनर या पाण्यातल्या राक्षसाला हा शब्द मालवणच्या आत्याने दिला. मी आधी 'बुडव्या' लिहिलं होतं, ते तिला इतकं हास्यास्पद वाटलं की तिने फोनवरून अर्धा तास पाण्यातल्या भुतांची यादी ऐकवली. गिऱ्हा पाण्यात असतो, माणसाला ओढून नेतो, आणखी काय हवं? शब्द ठरला आणि तिथूनच पाच रविवार बरबाद झाले.

कारण तो कधी बरोबर यायचा, कधी चूक. एकाच संवादात! वरच्या नावात 'गिऱ्हा', खाली पात्र बोलतंय त्या ओळीत ह च्या डोक्यावर रफार घेऊन बसलेला 'गिर्हा'. शोधाच्या वर्णनात 'दऱ्या' बरोबर, स्केलिगे बेटांच्या चाचणीच्या ओळीत 'दर्या'. आता स्केलिगेत समुद्रही आहे आणि डोंगरही, त्यामुळे 'पलीकडच्या दर्यांमध्ये शोध' हे वाक्य वाचून माणूस होडी काढायला धावेल, चुकीच्या दिशेने. एका खानावळीच्या वर्णनात आचाऱ्यांच्या हाताखाली काम करणारा पोरगा थेट आचार्यांच्या हाताखाली गेला. तो मात्र मी दोन दिवस तसाच ठेवला होता, गंमत म्हणून.

पहिल्या रविवारी संशय फॉन्टवर. गट पुन्हा भाजले. दुसऱ्या रविवारी फॉन्टच बदलला. नोटो सान्स देवनागरी काढून यशोमुद्रा घातला, जो तसाही मला या जगासाठी जास्त शोभतो (नोटो वाचायला उत्तम, पण त्यात लिहिलेला राक्षस महापालिकेच्या नोटिशीतला वाटतो). फरक शून्य. तिसऱ्या रविवारी हार्फबझवर संशय घेतला, त्याची मनोमन माफी मागतो. त्याला भाषा मराठी आहे हे मी सांगत होतोच. ते सांगितलं नाही तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात, हे तिसऱ्या नोंदीत भोगून झालंय. चौथ्या रविवारी गेम पूर्ण काढून नव्याने टाकला. यात तर्क काहीच नव्हता, निव्वळ राग होता.

पाचव्या रविवारी शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. बरोबर आलेला शब्द आणि चुकलेला शब्द एकाखाली एक ठेवले आणि दोघांचे कोड छापले. बरोबर आलेल्यात सहा: ग, वेलांटी, ऱ, हलन्त, ह, काना. चुकलेल्यातही सहा, पण ऱ च्या जागी साधा र. मग भाषांतराच्या मूळ तक्त्यात गेलो. तिथे चुकलेल्या शब्दात सात निघाले! हलन्त आणि ह यांच्या मधे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला रुंदीच नसते. तक्त्यात दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. डोळ्यांनी पाहून ते कळणं शक्यच नव्हतं.

म्हणजे हा र लिहायच्या दोन वाटा आहेत. एक, टिंबवाला ऱ वापरून. इनस्क्रिप्ट या कीबोर्डवर तो शिफ्ट आणि जे दाबून येतो, मी तोच वापरतो. दुसरी, साधा र, हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह. आत्याच्या फोनवर रोमन अक्षरांतून मराठी करणारा एक कीबोर्ड आहे, तो दुसरी वाट धरतो. तिने पाठवलेले शब्द मी आनंदाने जसेच्या तसे चिकटवत गेलो.

पण ते चिन्ह तरी गेलं कुठे? हा भाग लिहायला लाज वाटते. एप्रिलमध्ये वेबवरून उचललेल्या मजकुरातून रिकामे चौकोन येत होते, तेव्हा मीच सफाईच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाकली होती: शून्य रुंदीची सगळी चिन्हं पुसून टाक. तिसऱ्या नोंदीच्या शेवटी मी त्या ओळीचं कौतुकही केलंय, जाऊन बघा. ती ओळ इमानेइतबारे आत्याचे सगळे गिऱ्हे गिळत होती.

उपाय पाच मिनिटांचा. सफाईच्या आधी र, हलन्त आणि अदृश्य चिन्ह एकत्र दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. एक तिसरी वाटही आहे म्हणून सावध करतो: ऱ हा र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा फोडूनही लिहिलेला असू शकतो. तेव्हा सगळ्यात आधी मजकूर एनएफसीमधून (फोडलेली अक्षरं पुन्हा एका कोडात आणणाऱ्या युनिकोडच्या प्रक्रियेतून) काढा, मग ही अदलाबदल, मग सफाई. क्रम बदलू नका. मी बदलून पाहिला, एक अख्खी संध्याकाळ गेली.

शब्दसाठाही वाढलाय. गेराल्ट हाताने करतो त्या जादूला, म्हणजे साइनला, 'मुद्रा' पक्कं, बोटांची ती आकृती आणखी काय असणार. गावच्या फळ्यावरच्या कॉन्ट्रॅक्टला (राक्षस मारायच्या कामाला) आधी 'काम' होतं, मग एका मित्राने 'सुपारी' सुचवलं. ते ऐकून हसलो, पण नको, गेराल्ट अंधेरीचा होतो. आता 'विडा'. "विहिरीवरच्या हडळीचा विडा कुणी उचलेल का?" हे वाक्य गेममध्ये वाचलं आणि अंगावर मूठभर मांस चढलं. एल्डरमन अर्थात पाटील. क्राउन या नाण्याला 'होन' लावतोय. कुणाला खटकलं तर सांगा, मलाही थोडं खटकतंय. विचरला मात्र हात लावणार नाही. आपल्याकडे विचरणं म्हणजे हिंडणं, आणि हा माणूस गावोगाव हिंडतोच. फुकटात मिळालेली कोटी कोण सोडेल.

त्या विहिरीवरच्या हडळीवर आत्याचा आक्षेप आहे. मुळात ती नूनरेथ, पोलिश खेड्यातली भर दुपारी शेतात फिरणारी बाई. आत्या म्हणते, "हडळ दुपारची खंय इली रे बाबू?" दुपारी बारा वाजता पाणवठ्यावर जाऊ नये हे तीच लहानपणी सांगायची, म्हणजे दुपारची भीती तिथेही आहे आणि इथेही. पण त्या वेळेच्या भुताला वेगळं नाव हवं. शोधतोय.

हुकलेला शब्द पकडण्यासाठी मी इकडे अवजारं परजत असताना खरी गोष्ट मात्र शनिवारी घडली. डिसेंबर २०२४ मध्ये विचर ४ चा, गेराल्टची मानलेली मुलगी सिरी हिचा ट्रेलर आला तेव्हापासून डोक्यात होतं की चौथा भाग अनरियल ५ या गेम-इंजिनावर आहे, विचर ३ च्या रेड इंजिनवर नाही. जून २०२५ चा, त्याच खेळातल्या कोव्हिर देशाचा डेमो मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. तिथल्या व्हालड्रेस्ट गावाच्या बाजारातली गर्दी बघत असताना एकदाही सुचलं नाही की अनरियल फुकट मिळतं, उतरवून तर बघू. शनिवारी उतरवलं. रिकामा प्रकल्प, एक मजकुराची चौकट, देवनागरी फॉन्ट जोडला, 'गिऱ्ह्याने कुऱ्हाडीचा वार चुकवला' असं टाइप केलं.

आलं. पहिल्या फटक्यात. ऱ्ह, ऱ्ह्या, सगळं. अनरियलच्या पोटात हार्फबझ आधीपासून बसलाय! मी वर्षभर जे बाहेरून भाजून आत कोंबतोय ते तिथे जन्मतःच आहे. चहा घेऊन गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आनंद व्हावा की रडू यावं, कळेना.

तेव्हा ही नोंद सुरू केली तेव्हाची योजना आणि आत्ताची योजना यांत फरक पडलाय. ठरलं होतं की व्हाइट ऑर्चर्डनंतर खेळातला पुढचा प्रदेश व्हेलेन घ्यायचा, बॅरनच्या कथेसकट. आता नाही. व्हेलेनसाठी गट भाजण्यात आणखी वर्ष गेलं तर ते काम चौथ्या भागाला शून्य उपयोगाचं, तिथे फॉन्टची कसरत लागणारच नाही असं दिसतंय. लागतील ते शब्द. मुद्रा, विडा, पाटील, वैदू, गिऱ्हा, आणि आता सिरीच्या गळ्यातल्या त्या लिंक्सच्या (एका रानटी मांजराच्या) पदकाला काय म्हणायचं हा प्रश्न. लिंक्स हिमालयात असतो पण आपल्या रानात नाही. 'रानमांजर' म्हटलं की रुबाब गेला. पदकालाही 'ताईत' म्हणावं असं वाटू लागलंय, जादू जवळ आली की थरथरणारी वस्तू पदक कशी असेल?

म्हणजे व्हाइट ऑर्चर्ड पूर्ण करायचं, तेवढं मोड (खेळात वरून घालायचा बदल) म्हणून बांधायचं आणि पुढचा सगळा वेळ शब्दांच्या तक्त्याला. स्टुडिओनेच सांगितलंय की २०२६ संपायच्या आत चौथा भाग येणार नाही, तेव्हा वेळ आहे. लिहिता लिहिता आणखी एक सुचलं: तक्ता आधी अनरियलमध्ये तपासायचा. तिथे बरोबर आणि विचर ३ मध्ये चूक, म्हणजे दोष माझ्या भाजण्यात. दोन्हीकडे चूक, म्हणजे टायपिंगमध्ये. हे पाच रविवारांपूर्वी सुचलं असतं तर?

अवजारांबद्दल थोडं. खेळातल्या मजकुराच्या ओळी, म्हणजे स्ट्रिंग्ज, उलगडून पुन्हा बांधणारं ते छोटं एन्कोडर, काळ्या खिडकीतलं, कुरूप, आजवर एकदाही दगा दिला नाही. फॉन्ट घडवायचं फॉन्टफोर्ज दिसायला बावळट, वागायला हट्टी, पण गट तपासताना अजून त्याच्याइतकं काही सोयीचं मिळालं नाही. विचर ३ साठी स्टुडिओचंच मोड बनवायचं अवजार रेडकिट २०२४ मध्ये आलं तेव्हा उड्या मारल्या होत्या. ते नव्या कथा बांधायला छान, माझ्या कामाला तोफ. आणि तक्ता भरायला कुणी मदत करणार असेल तर कृपा करून इनस्क्रिप्ट शिका. आठवडाभर शिव्या द्याल, नंतर माझी आठवण काढाल.

आत्ता आत्याचा निरोप आला: दुपारच्या बाईसाठी तिला नाव आठवलंय, पण ते "फोनार लिवन नाय, बोलान सांगतंय". आज रात्री फोन करतो. त्याआधी व्हाइट ऑर्चर्डमध्ये 'कुऱ्हाड' सात ठिकाणी आहे, ती सातही बघून यायचीत.