सदाशिव पेठेचा पिन

मामाला राखी पाठवायची होती. पाकिटावर पत्ता घालायचं काम आमच्याकडे माझं, कारण आईच्या मते माझं अक्षर पोस्टमनला लागतं. पुढे मामाचा पत्ता झाला, मागे आपला, सदाशिव पेठ, पुणे ४११०३०. शाळेत असल्यापासून लिहितोय हे, पण ही चार लाख अकरा हजार तीस अशी एक चांगली धडधाकट संख्या आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाले, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ती पद्धत बसवली, पहिला ४ म्हणजे पश्चिमेकडचा विभाग, शेवटचे तीन आकडे आपलं पोस्ट, एवढं माहीत होतं. भाग मात्र कधी देऊन बघितला नव्हता.

शेवटी शून्य, म्हणजे दहाने जाणारच. अंकांची बेरीज नऊ, म्हणजे नवानेही. दोन्ही काढलं आणि खाली उरलं ४५६७! अक्षरशः ओळीत. पेठेत रांगेत गुमान उभं राहणारं कोणीतरी सापडलं एकदाचं.

आता हे फुटतंय का बघू म्हणून बसलो. ६८ चा वर्ग ४६२४, म्हणजे ६७ पर्यंतच्या मूळ संख्या लावल्या की झालं. सात, अकरा, तेरा करत करत पाकिटाची मागची बाजू भरली, ६७ ला बाकी ११ उरली आणि विषय संपला. मूळ संख्याच आहे ती.

मग गणितज्ञ कापरेकर आठवणारच ना, फर्ग्युसनमध्ये शिकलेले आणि देवळालीला शाळेत मास्तर असलेले. अंकांच्या बेरजेने भाग जातो त्या संख्येला हर्षद म्हणायचं हे त्यांचंच, म्हणजे आमचा पिन हर्षद! त्यांचा तो प्रसिद्ध खेळ पण लावला, अंक उतरते मांडायचे, त्यातून चढते मांडलेले वजा करायचे आणि येईल त्याला परत तेच. ४५६७ चे ३०८७, मग ८३५२, मग थेट ६१७४, आणि तिथून पुढे हलायचं नाव नाही, काहीही करा, ६१७४ च.

अख्खा पिन लावला तर वेगळीच गंमत. ४२९९६६, ७४९९४३, ६५२६४४ आणि मग ४२०८७६, तिथून सात संख्या गोल फिरून परत ४२०८७६. दोनदा तपासलं. पेठेत गाडी घेऊन आलेल्या पाहुण्यासारखं, वनवेतून वनवेत आणि परत त्याच चौकात.

तेवढ्यात आई डिंक घेऊन आली. पाकीट उलटसुलट करून बघितलं तिने.

"अरे, मामाला राखी पाठवतोय आपण का गृहपाठ?"